सतराच्या पाढ्यानंतर

संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला.

"मास्तर, तुमच्या नऊही कॅसेटमध्ये नुसते पाढे आहेत हो. आमच्या तंत्रज्ञांनी त्या टाकायच्या खोक्यात घातल्यात. परत हव्यात का?"

"हव्यात! निघालोच," म्हणत मी चपला घातल्या. चूक माझीच. चाळीस वर्षं गुपित सांभाळलेलं. कॅसेट सोपवतानाही जीभ उचलली नाही.

पुरुषावर जीव लावणारे पुरुष आणि बाईवर जीव लावणाऱ्या बाया, आम्हा सगळ्यांना प्रार्थनाघराने दाराबाहेर काढलं होतं. देवाने काढलेलं नाही, असं शिंपी म्हणायचा. शिंपी म्हणजे माझा जन्माचा जोडीदार. त्याच्या दुकानाचं शटर ओढून घेऊन दर रविवारी आमची प्रार्थना चाले. ज्यांना येता येत नसे त्यांच्यासाठी आम्ही ती टेप करायचो आणि कॅसेट गावोगाव फिरायची. घरात दुसऱ्याच कुणी लावली तर? म्हणून सुरुवातीला मी पाढे म्हणायचो, दोनापासून सतरापर्यंत. तिथवर ऐकण्याइतका धीर कुणाला असतो?

शिंपी जाऊन सहा वर्षं झाली. त्याचा आवाज तेवढा त्या कॅसेटमध्ये उरला होता.

धापा टाकत पोचलो तर बाई रिकाम्या खोक्यात बघत उभ्या.

"कचरा सकाळीच नेला वाटतं," त्या हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात तंत्रज्ञ आत आले. चांगले पन्नाशीचे गृहस्थ. कानांवर हेडफोन, ओठ पुटपुटताहेत. "सतरा चोक..."

"अडुसष्ट," मी म्हणालो.

त्यांनी हेडफोन काढले. "हा आवाज... ते मास्तर तुम्हीच? बाई, रागावू नका. टाकायच्याच होत्या म्हणून घरी नेल्या. पाढ्यांपायी शाळेत फार मार खाल्लाय मी. हे मास्तर प्रत्येक ओळीनंतर थांबतात, आपण म्हणेपर्यंत. माझ्यासाठी असं कुणी थांबलं नव्हतं."

"नऊही आहेत?"

"ह्या काय, पिशवीत. पंधरा दिवस घासतोय, तेव्हा आज कुठे सतरावर आलो."

मी खुर्ची ओढून बसलो. "मग आता बंद करू नका. पुढे ऐका."

बाईंनी टेप मोठ्याने लावली. सतरा दाहे एकशे सत्तर. मग थोडी शांतता, टेबलावर कात्री ठेवल्याचा आवाज, आणि शिंपी बोलला, "झाले का पाढे, मास्तर? देव ताटकळलाय तिकडे."

दहा-बारा माणसं हसली. मग प्रार्थना सुरू झाली. आम्ही तिघांनी ती शेवटपर्यंत ऐकली.

बाईंनी वही ओढली. "कोण कोण हसतंय, सांगाल?"

"जे गेले त्यांची नावं आत्ता सांगतो. बाकीच्यांना आधी विचारू."

या वेळी जीभ उचलली. सात नावं झाली तेव्हा तंत्रज्ञ संकोचून म्हणाले, "जरा मागे घेऊ का? सतरा साते राहिलं माझं."

"घ्या की," मी म्हणालो. "मला आता घाई नाही."