आभाळाला लागलेलं कापड

विमान धानाच्या बांधीत नाक खुपसून पडलं त्याला तीन दिवस झाले, तरी गर्दी हटत नव्हती. दोन माणसांचं ते शिकाऊ विमान. त्याच्या पंख्याला हळदकुंकू लागलं, पंखाखाली नारळ फुटले. ते चालवणारी मुलगी हात मोडून दवाखान्यात पडली होती. तिची विचारपूस करायला मात्र कोणाला फुरसत नव्हती.

"पाडलं सोमारीच्या नजरेनं, वाचवलं मी," भुजंगबाबा देवीच्या ठाण्यासमोर घुमत सांगत होता. "इकडं लिंबू कापलो, तिकडं इमान थांबलं."

हेमराज सरांचं डोकं भणभणलं. लिंबू कापून विमान थांबतं तर सरकारनं एवढ्या लांब धावपट्ट्या कशाला बांधल्या? विमान उतरताना शेळ्या चारणारी सोमारी डोळ्यांवर हात धरून वर पाहत होती, एवढाच तिचा गुन्हा. आज संध्याकाळच्या आत तिनं गाव सोडायचं, असं बाबानं फर्मावलं आणि गावानं माना डोलावल्या. ठाण्याशेजारच्या झोपडीतून तिचं गाठोडं बाहेर फेकलं गेलं होतं. म्हातारी त्याच्याजवळ बसून होती.

सर वीस वर्षं इथल्या शाळेत विज्ञान शिकवत होते. त्यांचेच विद्यार्थी आता लिंबं घेऊन रांगेत उभे होते.

सकाळी अपघाताच्या चौकशीला आलेल्या साहेबांनी सरांना सगळं समजावलं होतं. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं, म्हणजे ते लवकर आवरतं. वारा कुठून येतो ते वरून दिसावं म्हणून धावपट्टीच्या कडेला खांबावर कापडाची लांब पिशवी बांधतात. त्या दिवशी खांब रिकामा होता. मुलगी अंदाजानं उतरली, वारा नेमका पाठीमागून होता, पट्टी संपली आणि विमान बांधीत घुसलं. पिशवी कुठे गेली, हे साहेबांना कोणी सांगू शकलं नव्हतं.

सरांची नजर ठाण्यावरच्या बांबूकडे गेली. नवं निशाण फडकत होतं. नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचं, दोन्हीकडून उघडं, लेंग्याच्या पायासारखं.

"हे निशाण कोणी वाह्यलं?"

चैतू पुढे आला. "मी, सर. लेकीचा ताप उतरत नव्हता. बाबानं सांगतलं, आभायाले लागलेला कपडा देवीले वाह्य. म्हणून खांबावरचा काढून आणलो."

"लेकीले दवाखान्यात नेलं होतं का?"

"नेलो ना. दोन दिवस सलाईन लावलं."

"आणि ताप बाबानं उतरवला."

हाच चैतू शाळेत पहिल्या बाकावर बसायचा, वाऱ्याच्या धड्यावर दहापैकी नऊ गुण घ्यायचा. सरांना कपाळ बडवून घ्यावंसं वाटलं.

"धान उपणताना वारा कसा पाह्यते तू?"

"मूठभर कोंडा सोडून."

"त्या पोरीले वरून कोंडा दिसते का? तिच्यासाठी हाच कपडा होता. तो तू काढला, बाबानं काढाले लावला. आता सांग, सोमारीबाईनं काय केलं?"

गर्दीत चुळबुळ झाली. बाबा सावरला. "देवीनंच त्याले तशी बुद्धी देली. परीक्षा होती ते."

"बरोबर हाय," रांगेतल्या मनकर्णाबाई लगेच म्हणाल्या.

आता सरांचा तोल सुटला. "मघा म्हणे सोमारी, आता म्हणे देवी. उद्या माह्यं नाव घेईन हा. भाऊ, बाई, देव सोडा असं मी नाई म्हणून राह्यलो. पण कोणी काही सांगतलं तर त्याले एकदा तरी विचारा, तुले कसं समजलं? उत्तर नाई भेटलं तर निदान कोणाले घराबाहेर नका काढू."

रांग थोडी विरळ झाली, इतकंच.

"मंग मी जाऊ का राहू?" सोमारीनं विचारलं. सरांना नाही, गावाला विचारलं.

चैतूनं खाली मान घालून तिचं गाठोडं उचललं आणि झोपडीत नेऊन ठेवलं. बाकीचे नुसते पाहत राहिले.

"याले समजलं," सर त्यांना म्हणाले. "तुम्हाले काऊन समजत नाई?"