मामाची दस्ती

आमच्याकडं रुमालाला दस्ती म्हणतात, आणि आबासाहेबमामाची दस्ती देवगाव फाट्यावर सगळ्यांना ठाऊक होती. एसटी थांबते न थांबते तोच ती खिडकीतून आत पडायची. एकदा पडली की त्या सीटवर बसायची कुणाची टाप नव्हती.

कृषी पदवीच्या प्रवेशासाठी मला परभणीला बोलावलं, तेव्हा सोबतीला हाच मामा आला. दादांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, निघतानाच सांगितलं होतं, "परभणीत नंबर लागला तर मावशीकडं राहून शीक. लांब धाडनार न्हाई. ताडकळसचं स्थळ चांगलं हाय." झालं! माझ्या जन्माचा निकाल एका गावाच्या नावावर लावून दादा मोकळे.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात गाड्या कधी बंद पडतील याचा नेम नव्हता, म्हणून आम्ही भल्या सकाळीच पोचलो. हॉलमध्ये शिरताच मामानं पहिल्या खुर्चीवर दस्ती टाकली. "दैवशाला, सीट धरली बघ," म्हणाला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इथली सीट म्हणजे खुर्ची नव्हे, हे त्याला सांगून काही उपयोग नव्हता.

पुढं मात्र मी फळ्याकडंच बघत बसले. त्यावर कॉलेजांची नावं आणि समोर उरलेल्या जागा. गुणांच्या क्रमानं नाव पुकारायचे, मुलानं कॉलेज सांगायचं, की कारकून आकडा पुसून एक कमी लिहायचा. हाकेला कुणी उठलं नाही तर लगेच पुढचं नाव. म्हणजे जास्त गुणवाला चहाला गेला तर त्याची जागा मागच्याला? गेलीच की! मला लय मजा वाटायला लागली.

माझ्या आधीच्या मुलानं परभणीची शेवटची जागा घेतली आणि मजा संपली. आता फळ्यावर लातूर तेवढं उरलं होतं.

"घेता का सोडता?" कारकुनानं मला विचारलं.

"घरी इचारून येतो," मामा म्हणाला.

"तोवर नंबर पुढं जाईल."

माझी नजर खुर्चीवरच्या दस्तीवर गेली आणि तोंडातून निघून गेलं, "साहेब, लातूरवर दस्ती टाकून परभणीची वाट बघता येती का?"

सगळा हॉल हसला. कारकून तेवढा हसला नाही. "येते. लातूरला प्रवेश घ्यायचा, वर्गात बसायचं. परभणीत कुणी जागा सोडली तर क्रमानं बोलावू. पण आता लातूर सोडलं तर नाव कटलं."

मामानं पालक म्हणून सही ठोकली. घरी येऊन दादांना म्हणाला, "दाजी, सीट धरली. परभणीची सुटंपातुर पोरगी लातूरला बसंल."

"तवरच," दादा म्हणाले. स्थळाला त्यांनी दिवाळीनंतरचा वायदा दिला.

परभणीची जागा काही सुटली नाही. दिवाळीला मी पेटी बांधूनच घरी आले. आल्याआल्या दादांना सांगून टाकलं, "बोलावणं आलंच न्हाई."

दादांनी पेटीकडं बघितलं. "लातूरला तुझी जागा हाय का अजून?"

"हाय."

"मग पेटी कशापायी आनली? चालत्या गाडीतून कुनी उतरतं का?"