बंदूक नसलेला सभासद

धर्मराज गजभियेच्या गाडीच्या मागच्या काचेवर बंदूकधारकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या राष्ट्रीय संघटनेचं स्टिकर होतं, पाकिटात तिचं सभासदपत्र होतं आणि घरात बंदूक नव्हती. बंदूक नसल्याचं त्याने संघटनेतल्या कुणाला कधी सांगितलं नव्हतं. आणि बंदूक नसताना सभासदत्व कशासाठी, हे बायकोला, पद्मिनीला, त्याला कधी नीट सांगता आलं नव्हतं.

अमेरिकेतल्या चँडलर शहरात चिप बनवणाऱ्या एका कंपनीत तो इंजिनियर. शेजारी रॉन, अग्निशमन दलातून निवृत्त झालेला मोकळाढाकळा माणूस. त्याने एका शनिवारी धर्मराजला शूटिंग रेंजवर नेलं आणि वर्षाचं सभासदत्व भेट म्हणून दिलं. धर्मराजने रॉनच्या पिस्तुलातून गोळ्या झाडल्या, त्यातली एकही निशाणाच्या कागदाला लागली नाही. तरी तिथल्या म्हाताऱ्यांनी पाठ थोपटली, डोनट पुढे केला आणि ‘डी’ असं बारसं करून टाकलं. आडनाव कुणी विचारलं नाही.

त्यात काय एवढं, असं कुणाला वाटेल. आडनाव सांगितल्यावर समोरच्याचं हसू किंचित आवळताना ज्याने कधी बघितलं नाही, त्याला वाटणारच. मराठी मंडळाच्या दिवाळीत धर्मराजला प्रत्येक रांगेत नवा परीक्षक भेटे. गजभिये म्हणजे नागपूरकडचे ना, असं विचारून झालं की एक लांबलचक ‘अच्छा’ येई. त्या ‘अच्छा’चा अर्थ त्याला शाळेत असल्यापासून पाठ होता. रेंजवर तो ‘अच्छा’ नव्हता. म्हणून भेटीचं वर्ष संपल्यावर त्याने स्वतःच फी भरली आणि शनिवार चुकवला नाही.

पद्मिनी रोज संध्याकाळी लेकीकडून, मैत्रीकडून, पंचशील म्हणून घ्यायची. प्राणिहिंसेपासून दूर राहण्याचं पहिलं शील झालं की खुंटीवरच्या संघटनेच्या टोपीकडे एकदा बघायची.

मग मैत्रीचा वाढदिवस आला. या वर्षी तिला मैत्रिणींना रात्री राहायलाच बोलवायचं होतं. त्यासाठी ती महिनाभर आईच्या मागे लागली होती. दोन दिवस आधी त्या मैत्रिणींतल्या अनन्याच्या आईचा, वैदेहीचा, धर्मराजला फोन आला. तिने गाडीवरचं स्टिकर पाहिलं होतं.

“एक विचारू का? प्लीज राग मानू नका. तुमच्या घरी गन आहे का? आणि असेल तर लॉक करून ठेवता ना?”

धर्मराजच्या डोक्यात तिडीक गेली. पुन्हा कुणीतरी दारात उभं राहून आपल्याला तपासतंय, एवढंच त्याला ऐकू आलं. हे सांगायला मी बांधील नाही, असं म्हणून त्याने फोन ठेवला.

संध्याकाळपर्यंत अनन्याचं येणं रद्द झालं. दुसऱ्या दिवशी एकीला खोकला झाला, एकीकडे अचानक पाहुणे आले. मैत्रीने हॉलमध्ये अंथरलेल्या स्लीपिंग बॅगा मुकाट्याने गुंडाळून ठेवल्या. तिचं ते न रडणं धर्मराजला सोसवेना.

“तिने आपली जात विचारली नाही, धर्मा,” पद्मिनी म्हणाली. “बंदूक विचारली. ती आपल्याकडे नाही. मग अडलं कुठे?”

“आज हे सांगितलं तर उद्या आणखी काही विचारतील.”

“उद्या वाढदिवस आहे.”

सकाळी ऊन चढायच्या आत रॉन झाडांना पाणी घालत होता. धर्मराजने त्याला आडून आडून विचारलं, की तुझ्याकडे नातवंडांचे मित्र येतात तेव्हा लोक बंदुकीबद्दल विचारतात का. रॉनला प्रश्नच नवलाचा वाटला. विचारतात म्हणजे काय, विचारायलाच हवं. आपण त्या आईबापांना आत नेऊन बंदुकीच्या तिजोरीचं कुलूप दाखवतो, असं तो म्हणाला. जे विचारत नाहीत त्यांचीच त्याला काळजी वाटायची.

धर्मराजने तिथेच उभं राहून वैदेहीला फोन लावला. आमच्याकडे गन नाही, कधीच नव्हती, परवा उगाच चिडलो, सॉरी, असं एका दमात सांगून टाकलं. पलीकडे वैदेहीचा श्वास मोकळा झालेला कळला. अनन्याला संध्याकाळी सोडते आणि बाकीच्या आयांनाही मीच कळवते, असं ती म्हणाली.

मराठी बोलण्यातला ‘गन’ तेवढा रॉनला कळला होता. त्याने भुवया उंचावल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. धर्मराजने त्यालाही खरं सांगितलं आणि शनिवार गेला हातचा, असं मनाशी धरून चालला.

रॉनने नळ बंद केला. “मग इतके दिवस सभासद कशाला राहिलास?”

“तिथे मला कुणी काही विचारत नाही.”

रॉन हसला नाही. “मला वाटायचं, तुला घरचं बोललेलं आवडत नाही. एवढे शनिवार आपण बरोबर घालवले, डी, आणि तुझ्या बायकोचं नाव मला माहीत नाही.”

धर्मराजने रेंजवरचे ते शनिवार मनातल्या मनात आठवून पाहिले. तिथे आपल्याला कुणी कमी लेखलं नाही हे खरं होतं. पण आपण कोण, हेच कुणाला ठाऊक नव्हतं. मग लेखणार तरी काय? ज्याला तो मान समजून जपत आला होता, त्यात तो स्वतः कुठे नव्हताच.

त्याने घराकडे तोंड करून हाक मारली. पद्मिनी केकच्या पिठाचे हात तसेच घेऊन दारात आली. रॉनने टोपी काढली.

“ही माझी बायको, पद्मिनी गजभिये,” धर्मराज म्हणाला. “आणि मी धर्मराज.”