हनुवटीवरचे केस

मनालीनं माझ्या डब्यातलं वांगं घेतलं नाही.

आमच्या वर्कशॉपात बायकांचे पाच डबे मधोमध उघडतात, मग जिला जे हवं ते तिनं उचलायचं. माझं वांगं सगळ्यात आधी संपतं. त्या दिवशी चारही जणींचे हात त्याला वळसा घालून पलीकडच्या मटकीत गेले.

"पोट बरं नाहीये ताई," मनाली म्हणाली आणि दुसरीच्या डब्यातली तिसरी पोळी उचलली.

मी रुमालानं हनुवटी टिपली. रुमाल चिकटला. सोडवताना एक फोड फुटला आणि पिवळा थेंब ओघळून डब्याच्या झाकणावर पडला. मी झाकण उलटं केलं, जणू त्यानं काही झाकलं जाणार होतं.

हनुवटीला केस मला पस्तिशीपासून. काळे, राठ, डुकराच्या पाठीवर असतात तसे. दोरा करून झाला, मेण लावून झालं. पार्लरवाली दोरा दातात धरून माझ्या तोंडावर कांद्याचा वास सोडायची आणि वर म्हणायची, "ताई, तुमचे फार कडक आहेत हो." शेवटी चिमटा.

त्या चिमट्याचं सांगायला हवं. आम्ही सातपूरला पितळी वॉल्व बनवतो. पितळाला भोक पाडलं की आतल्या कडेला धातूची बारीक कुसळं राहतात, त्यांना बर म्हणतात. दिव्याच्या भिंगाखाली वॉल्व धरायचा आणि सुईसारख्या टोकाच्या चिमट्यानं बर उपटायचा. चौदा वर्षं त्या खुर्चीवर मीच. तसला चिमटा बाजारात मिळत नाही. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मी तोच घेऊन संडासात जायची. दिवसभर मशीनच्या दुधाळ तेलपाण्यात बुडणारा चिमटा ओढणीला पुसायचा आणि हनुवटीत खुपसायचा. केस आत वळलेला असला तर टोकानं खणून काढायचा. त्या खणण्यात जे सुख होतं, ते सांगायची आता शिसारी येते.

डबे धुताना सुपरवायझर भिमाजीभाऊ आले. माझ्या कपाळाकडे बघत बोलले.

"साधनाताई, राग नका मानू. गुरुवारी पुण्याच्या कंपनीचे लोक येऊ राहिले. भिंगावर मनाली बसंल. तुम्ही स्टोअरला बसा."

"तिला काम येतं का?"

"काम येतं हो. पण तुमचं ते... लय बेकार दिसू राहिलंय. आणि त्यांना पोरगी पसंत पडली तर बसू द्या ना तिलाच. तुम्ही किती दिवस डोळे फोडणार?"

म्हणजे गुरुवार हा नुसता गुरुवार नव्हता. स्टोअरला गेलेली बाई परत आलेली मी पाहिलेली नाही. तिथं खोक्यांना चिकटपट्टी लावायची असते, आणि ते काम कुणालाही येतं.

त्याच संध्याकाळी मी दवाखाना गाठला. डॉक्टरीण तरुण, जिया नावाची. तिनं विचारलं, "कशानं काढता?" मी पर्समधून चिमटा काढून दिला. तिनं तो नाकाशी नेला. डॉक्टरांच्याही नाकपुड्या अशा आकसतात हे मला नवीन होतं.

"मावशी, हा चिमटा आहे की मशीनचा पार्ट?"

"दोन्ही."

"या अल्ला! आणि वरून काय लावलं?"

"मेडिकलवाल्यानं ट्यूब दिली. आधी बरं वाटलं."

"वाटणारच. मग दुप्पट उठलं ना? ती बंद. या गोळ्या सात दिवस, एकही चुकवायची नाही. आणि दीड महिना एकही केस उपटायचा नाही."

"दाढी वाढवू?"

"कात्रीनं वरच्यावर कापा. कातडीला टोक लावू नका. रक्तही तपासू. एवढे केस का येतात ते बघायला नको?"

बारा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. मीसुद्धा नाही.

गुरुवारपर्यंत पू थांबला, पण खपल्या धरल्या. तपकिरी, कडेनं सुटत आलेल्या, आणि त्यांच्यामधून काळे खुंट. आरशात बघून मला कुत्र्याची खरूज आठवली. भिमाजीभाऊंनी मास्क पुढे केला. मी लावून भिंगापाशी वाकले, तर श्वास वर जाऊन काच धुरकटली.

"मग स्टोअर," ते म्हणाले.

स्टोअर म्हणजे प्लायवूडच्या पलीकडे. सगळं ऐकू येतं. पुण्याची मॅडम विचारत होती, "भोक साफ झालं हे तुला कसं कळतं?"

"साधनाताईंनी शिकवलंय," मनालीचा आवाज. "दिवा तिरपा करायचा. सावली पडली तर बर आहे."

"त्या कुठे आहेत?"

"त्या रजेवर हायेत," भिमाजीभाऊ म्हणाले.

मी हातातल्या चिकटपट्टीकडे बघितलं. चार हात अंतरावर बसून मी रजेवर होते. आज गप्प बसले असते तर उद्याही रजेवरच राहिले असते. उठले आणि बाहेर आले.

"मी इथंच आहे."

भिमाजीभाऊ फरशी बघू लागले. मनाली खुर्चीवरून झटकन उठली. "बसा ताई," ती म्हणाली, पण माझ्याकडे बघणं तिलाही जमलं नाही.

मॅडम तिशीची, स्वच्छ, अत्तराच्या वासाची. तिनं हनुवटी बघितली आणि नजर माझ्या डोक्यावरच्या पंख्याकडे नेली. तिच्या हातात वॉल्व होता. "हा बघून सांगा," म्हणाली. मी हात पुढे केला. तिनं तो वीतभर उंचावरून माझ्या तळहातात सोडला. माझ्या आजीला गावात पाणी असंच मिळायचं, वरून.

मी झेलला. भिंगाखाली धरून दिवा तिरपा केला. तिसऱ्या भोकात, अगदी आत, एक कुसळ उभं होतं.

"आहे," मी म्हणाले.

"कुठे? मला नाही दिसत."

"तिथून नाही दिसायचं, मॅडम. इथून बघावं लागतं."

इथून म्हणजे गालाला गाल लागेल इतक्या जवळून. मी खुर्ची सरकवली नाही. भिंग वळवलं नाही. दोन्ही हात कामात होते, आणि मान होती तशीच ठेवली. मशीनवालेसुद्धा बघत थांबले.

मॅडमनं केस कानामागे सारले, श्वास रोखला आणि ती वाकली.