पहिल्या हाताची गाडी

वना गाडीवर चढला तो खाली उतरायलाच तयार होईना.

"अरे उतर आता," मी खालून ओरडलो. "मालकाने चहा मागवलाय, तो पार निवला."

"तुम्ही प्या, प्रेमभाऊ. माले आठेच बरं वाटी ऱ्हायनं."

धुळ्याबाहेर हायवेला लागून लग्नाच्या बँडच्या गाड्या बांधून देणारा एक कारखाना आहे. तिथल्या पत्र्याच्या शेडमध्ये ही नवी कोरी गाडी उभी होती. पुढच्या बाजूला दोन मोर, बटण दाबलं की पिसारा फुलवणारे. दोन्ही अंगांना पंखांसारखे उघडणारे पडदे, त्यावर नवरा-नवरीचे फोटो हलणार. स्पीकर तर इतके, की लग्न धुळ्यात लागलं तरी अक्षता पारोळ्यात पडाव्यात. गायकाच्या उंच खुर्चीत बसून वना डोळे मिटून रंगाचा वास घेत होता.

मी शिंपी. बँडवाल्यांचे कोट शिवण्यात माझा जन्म गेला. वनाने मला गाडी पारखायला 'जाणकार माणूस' म्हणून सोबत आणलं होतं. ज्याला कोटाची वाकडी शिवण दिसते, त्याला इंजिनातली खोटही दिसेल, असा त्याचा भाबडा समज. मलाही चहा आणि फेरफटका हवाच होता, म्हणून मी तो समज मोडला नाही.

वना ढोलवाला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या बँडमध्ये वाजवला. दर हंगामाला तो माझ्या दुकानात यायचा, तो बँड सोडून गेलेल्या कुणाचा तरी कोट घेऊन. मी कधी बाह्या आखूड करून द्यायचो, कधी काखेत तुकडा घालून अंगाला सैल करायचो. त्याच्या मापाचा कोट मी कधीच कापला नाही, कारण त्याच्या वाट्याला नवा कोट आलाच नाही. ढोलही जुना, बूटही जुने. यंदा मात्र त्याने स्वतःचा बँड काढायचं ठरवलं होतं. गावाकडचा प्लॉट विकला, गल्लीतली पोरं जमवली, मुलगा दीपक कीबोर्डवर बसणार होता. राहिली होती फक्त गाडी.

"पुढे नाव काय टाकायचं?" कारखान्याच्या मालकाने विचारलं.

"वना ब्रास बँड, धुळे," वना म्हणाला. उत्तर इतकं झटकन आलं, की ते कित्येक वर्षं पाठ करून ठेवलेलं होतं हे मला तिथेच कळलं.

मग मालकाने किंमत सांगितली. सोळा लाख.

सोबत आलेल्या दीपकने बापाला हाताला धरून खाली उतरवलं. "आबा, प्लॉटच्या पैशात गाडी येईल. पण मग पोरांचे कोट? जनरेटरचं डिझेल? भडगावच्या रुपचंद मास्तरांची गाडी विकायला निघालीये. सव्वापाच म्हणतात. तीच बघू."

"जुनी?" वना म्हणाला. "दीपक, आख्खी जिंदगी मी दुसरास्नं उतरेल घाली ऱ्हायनू. गाडी तरी पहिला हातनी लिसू. तिच्यावर मनं नाव राही. पहिलं नाव मनंच."

इतर घरांत पोरगा नव्यासाठी हट्ट धरतो आणि बाप जुन्याचं कौतुक सांगतो. यांच्याकडे सगळंच उफराटं.

वाद घरी गेला. कमलबाईंनी, म्हणजे वनाच्या बायकोने, भाकरी थापता थापता निकाल दिला. "पहिले जुनी देखी या. नही आवडनी ते नवीन ल्या. देखाले काय पैसा पडतस?"

अशा रीतीने आम्ही तिघं भडगावला गेलो.

रुपचंद मास्तर लिंबाखाली वाट बघत उभे होते. पांढराशुभ्र सदरा, काळेभोर रंगवलेले केस, ताठ कणा. क्लॅरिनेट वाजवण्यात त्यांचा हात धरणारं गिरणाकाठी कुणी नव्हतं. आता डॉक्टरांनी फुंकणं बंद करायला सांगितलं होतं. छातीच साथ देत नाही म्हटल्यावर त्यांनी बँड मोडला. गाडी तेवढी उरली होती.

त्यांनी ताडपत्री ओढली आणि वनाचा चेहरा पडला. जुन्या टेम्पोवर बांधलेली अरुंद, उंच गाडी. मोर नाहीत, दोन लाकडी घोडे, त्यातल्या एकाचा कान तारेने बांधलेला. लाल रंगाची उन्हाने पार वीट झालेली. गाडीच्या कपाळावर मात्र वीतभर उंचीची लोखंडी अक्षरं स्क्रूने घट्ट बसवलेली होती, आणि मास्तर ती रोज पुसत असावेत. रुपचंद ब्रास बँड, भडगाव.

वनाने ती अक्षरं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मला त्याची दया आली. पुन्हा एकदा दुसऱ्याचाच कोट!

इंजिन दीपकने पाहिलं, ते ठणठणीत निघालं. वना म्हणाला, "मास्तर, आवाज ते ऐकाडा."

"बिगर सुपारीनी मनी गाडी वाजत नही," मास्तर म्हणाले.

बँडवाल्यांची सुपारी म्हणजे लग्नघराने दिलेलं आमंत्रण. घरातल्या वडीलधाऱ्याने हातावर पान-सुपारी ठेवली, की त्या लग्नाला वाजवायचं वचन झालं. मास्तरांनी हा नेम इतका कडक पाळला होता, की गंमत म्हणूनसुद्धा त्यांची गाडी कधी वाजली नव्हती.

"अहो पण आम्ही विकत घेतोय," दीपक कळवळून म्हणाला. "न ऐकता कसं घेणार?"

"चालाडी देखा. वाजाडानं नही."

मी म्हणालो, अहो मास्तर, माझ्या दुकानात गिऱ्हाईक कोट अंगात घालून बघतं, तेव्हा मी वरात आण म्हणतो का? मास्तर ताडपत्रीची घडी घालायला लागले. गंमत म्हणजे वना चिडला नाही. तो हळूच मान हलवत होता. बँडमध्ये हयात गेलेल्या माणसाला हा नेम बरोबरच वाटत होता, आणि मास्तर याच कारणाने त्याला आवडायला लागले होते.

मास्तर स्वतः गाडी चालवायला बसले. वाटेत एका टपरीवर दीपकने गाडी थांबवायला लावली, खाली उतरला आणि सुपारी आणून मास्तरांपुढे धरली. "घ्या. झाली सुपारी."

"अन् नवरदेव कोन?"

दीपकने माझ्याकडे बोट दाखवलं. मला नातवंडं आहेत.

मास्तरांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "प्रेमराज शिंपी बाशिंग बांधीसन घोडीवर बठनात ते वाजाडसू," ते म्हणाले, आणि आम्ही चौघंही इतके हसलो की टपरीवाल्याने फुकट पाणी दिलं.

पुढे गिरणेच्या काठच्या एका गावात रस्त्यावर गर्दी दिसली. लग्न होतं. गावाच्या वेशीशी एक नवी कोरी बँडगाडी तिरपी उभी होती. तसेच मोर, तसेच पंख. अगदी आमच्या वनाच्या स्वप्नातली. तिचा ड्रायव्हर पुढेमागे करून घामाघूम झाला होता. गल्लीच्या तोंडाशी एका बाजूला घराचा ओटा, दुसऱ्या बाजूला विजेचा खांब, आणि गाडी दोन्हींपेक्षा रुंद. शेवटी हरून त्याने ती मागे घेऊन बाजूला लावली.

आणि गल्लीच्या आत, मारुतीच्या पारावर, नवरदेव बसला होता. आमच्याकडे नवरदेव मारुतीच्या पाया पडून पारावरून निघतो, तो वाजतगाजत मांडवात जातो. वाजंत्रीशिवाय त्याला पार सोडू देत नाहीत. कीबोर्ड, माईक, स्पीकर, सगळं गाडीवर, आणि गाडी वेशीबाहेर. नुसता ढोल वाजवून निघा म्हटलं, तर करवल्या रुसून बसल्या होत्या. मुहूर्त जवळ येत होता.

तेवढ्यात धोतरातल्या एका म्हाताऱ्याचं लक्ष आमच्या गाडीच्या कपाळावर गेलं.

"अरे, रुपचंद मास्तर उनात! मास्तर उनात रे!"

तो नवरदेवाचा आजा होता. पूजेच्या ताटातलं पान-सुपारी मुठीत धरून तो अक्षरशः पळत आला आणि मास्तरांचा हात ओढून त्यावर ठेवली. "मना पोऱ्याना लगीनमा तुम्हीच वाजाडं व्हतं. आते नातूना लगीनमा वाजाडा. नही म्हनू नका."

मास्तरांनी तळहात तसाच उघडा ठेवला. "आबा, मी गाडी विकाले काढी शे," ते म्हणाले. "गाडी आते यास्नी..." आणि त्यांनी वनाकडे पाहिलं.

वना एका शब्दाने नाही म्हणू शकला असता. त्याने दोन्ही हातांनी मास्तरांची मूठ मिटवली. "ल्या मास्तर. चाला, नवरदेव खोळंबना."

मास्तरांनी आरसे मिटवले आणि गाडी गल्लीत घातली. ओटा आणि खांब यांच्या मधून दोन्हीकडे दोन-दोन बोटं जागा राखून ती अलगद आत शिरली, आणि पोरांनी एकच गिल्ला केला. दुसऱ्या बँडची पोरं आपापली वाद्यं घेऊन मागून धावत आली. दीपक कीबोर्डवर बसला. त्यातली एक पट्टी मुकी होती, तिला चुकवत त्याने सूर धरला. वनाने कुणाचा तरी ढोल गळ्यात अडकवला. मास्तर स्टिअरिंग त्या नव्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देऊन उतरले, पुढे उभे राहिले, एक हात वर नेला आणि खाली आणला.

आणि मंडळी, काय वाजलं म्हणून सांगू! ते जुने स्पीकर खरखरत नव्हते, कानात घुसत नव्हते, आवाज थेट छातीत उतरत होता. गल्ली अरुंद, त्यामुळे तो भिंतींवरून परतून यायचा आणि पुन्हा अंगावर पडायचा. करवल्यांचा रुसवा पहिल्याच ठेक्याला गेला. शेतातून परतणाऱ्या बाया कापसाची गाठोडी ओट्यावर टाकून नाचात शिरल्या. आमच्या माणसांना नाचायला कारण लागत नाही, आवाज लागतो. घोडीसुद्धा पाय उचलत होती. आणि मी, गुडघ्याला पट्टा बांधून दुकानात बसणारा प्रेमराज शिंपी, दोन्ही हात वर करून नाचलो. पुन्हा संधी मिळाली तर पुन्हा नाचेन.

वना मात्र नाचत नव्हता, तो वाजवत होता. इतकी वर्षं मी त्याचं माप ओळखत होतो, पण तो एवढा मोठा वादक आहे हे त्या दिवशी कळलं. मास्तर वळून वळून त्याच्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी हातच खाली घेतला आणि वनाला खूण केली, तूच चालव. मांडवापर्यंतची वरात वनाने एकट्याच्या ठेक्यावर नेली.

मांडवापाशी गावाने जयजयकार केला. "रुपचंद मास्तर की जय!" वनाचं नाव कुणाला ठाऊकच नव्हतं. घाम पुसत तो त्या लोखंडी अक्षरांकडे बघत उभा राहिला. आनंदात होता, यात शंका नाही. पण मनात काय टोचत होतं तेही मला दिसलं.

परतताना गाव मागे पडेपर्यंत तो वळून त्या गल्लीकडे बघत होता. मग म्हणाला, "दीपक, गाडी हाईच लेवानी."

"आणि मोर?" दीपकने चिडवलं.

"मोर वावरमा राहतस ना रे. गल्लीमा त्यास्नं काय काम?" तो मोठ्याने हसला. मग हळूच मला म्हणाला, "प्रेमभाऊ, फक्त नाव बदलावं लागी."

"बदलू की," मी म्हणालो. "अक्षरं स्क्रूचीच आहेत."

व्यवहार सुरळीत झाला. मास्तरांनी एकच अट घातली. "मनं नाव मीच उतारसू. दुसरानी हात लावाना नही."

ठरलेल्या दिवशी ते एसटीने धुळ्याला आले. पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि तेलाची बाटली. पेंटर ब्रश, डबा घेऊन तयारच होता. कमलबाईंनी ओवाळणीचं ताट आणलं होतं. मी वनाच्या मापाचा नवा कोट घेऊन गेलो होतो, शिलाई न घेता, आणि तो घालून वना गाडीसमोर उभा होता. बाह्या बरोबर मनगटावर येत होत्या.

मास्तर शिडीवर चढले. एकेक स्क्रूला तेल दिलं, एकेक अक्षर सोडवलं, सदऱ्याने पुसलं आणि खाली वनाच्या हातात दिलं. तोंडाने काहीतरी सूर चालूच होता. शेवटचं अक्षर निघालं. मास्तर खाली उतरून मागे सरकले आणि सगळ्यांनीच वर पाहिलं.

सगळी गाडी वीटकरी झाली होती, पण अक्षरांच्या खाली ऊन कधी पोचलंच नव्हतं. तिथला लाल रंग कालच लावल्यासारखा तजेलदार होता. रुपचंद ब्रास बँड, भडगाव. लोखंडात होतं त्याहून जास्त ठसठशीत.

"दोन हात मारले की दिसणार नाही," पेंटर म्हणाला आणि शिडीकडे निघाला.

वनाने त्याचा ब्रश धरला. नजर त्या लाल रंगावरच होती. त्या अख्ख्या गाडीत नवी म्हणावी अशी तेवढीच जागा होती.

"त्याले हात लावू नको," तो पेंटरला म्हणाला. "मनं नाव त्याना खाले काढ. तितलंच मोठं काढ, पन खाले."

 मास्तरांनी वनाच्या हातातली अक्षरं घेतली आणि रस्त्याच्या कडेला बसून, एकही उलटं न ठेवता, पिशवीत भरायला लागले.