कपाळपट्टी

प्रवीणने फेसशील्ड चढवलं आणि तो चहाच्या उकळत्या पातेल्यावर वाकला. वाफ आत शिरली, कपाळाजवळ ओळीने पाडलेल्या खाचांतून निघून गेली. समोरची पारदर्शक शीट स्वच्छ राहिली.

"दिसतंय का?" प्रज्ञाने अंगणातूनच विचारलं. ड्यूटी लागल्यापासून ती उंबरा ओलांडत नव्हती.

"तुझ्या भुवईवरचा तीळसुद्धा."

प्रज्ञा अकोल्याच्या कोविड सेंटरमध्ये नर्स होती. आधीच्या शील्डवर श्वासाचं धुकं धरायचं. शीर दिसेना, म्हणून सुई टोचताना सगळ्याजणी ते वर सरकवायच्या आणि पेशंट नेमका तेव्हाच खोकायचा. तिच्या जोडीची नर्स आता त्याच वॉर्डात खाटेवर होती. पॉलिटेक्निकमध्ये शिकवणाऱ्या भावाने त्यासाठीच हे स्वस्तातलं डिझाइन केलं होतं.

"दादा, आता वर करावं लागणार नाही बघ," ती म्हणाली.

हजार शील्डचा खर्च एका पतसंस्थेचे अध्यक्ष श्रीमंतराव करणार होते. त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला.

"लई भारी हाय, सर. वरच्या काठाला तेवढं आमचं नाव टाका."

"खाचांच्या वर एक ओळ बसेल."

"आन् तुमचं नाव? पैसा आमचा, पन डोकं तुमचं हाय. खाली टाकू, 'संकल्पना : प्रा. प्रवीण साळवे'."

"दोन ओळी केल्या तर नावाची चिकटपट्टी खाचांवर येईल."

"भोकं झाकली म्हून कुनी मरतंय व्हय?"

प्रवीणने नमुना हातात घेतला. कोऱ्या काठावरून अंगठा फिरवला.

"अक्षर बारीक घ्या," तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सेंटरच्या पटांगणात वाटप झालं. अक्षर बारीक नव्हतं. नर्स शील्ड घालून रांगेत उभ्या राहिल्या. श्रीमंतरावांचं भाषण लांबत गेलं, तशा शीट आतून पांढऱ्या होत गेल्या. स्टेजवर बसलेल्या प्रवीणला त्यातली बहीण ओळखू येईना.

"अध्यक्षसाहेब, चेहरेच दिसत न्हाईत," फोटोग्राफर म्हणाला.

"नाव दिसतंय ना? मग काढ की."

फोटो झाला. रांगेतली एकजण नखाने पट्टी उचकटू लागली. पट्टी पक्की चिकटली होती. ती ओढताच एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत शीटच फाटत गेली. तिने शील्ड उतरवलं. ती प्रज्ञा होती. पट्टीवरच्या दोन्ही ओळी तिने वाचल्या आणि ती स्टेजजवळ आली.

"दादा, तुझं नाव आलंय की."

तेवढ्यात वॉर्डातून हाक आली.

"सिस्टर, सलाईन निघालं!"

प्रज्ञाने खोक्यातून दुसरं शील्ड उचललं, चालता चालता डोक्यावर चढवलं आणि शीट चेहऱ्यावर न ओढताच वॉर्डाचं दार ढकललं.

माइकवरून सत्कारासाठी प्रवीणचं नाव पुकारलं गेलं. शाल उलगडून श्रीमंतराव वाट बघत होते.

तो उठला.