तेजगुरूंचा बल्ब आणि अर्धी काकडी

हॉलच्या नव्या छताला चोवीस भोकं होती. प्रत्येक भोकातून एक तात्पुरता होल्डर लोंबत होता आणि प्रत्येक होल्डरमध्ये एक बल्ब होता. छताखाली माझ्यासकट सदतीस माणसं, अकरा खुर्च्या, दोन सतरंज्या आणि एक तेजगुरू, एवढा ऐवज होता. तेजगुरूंना मी माणसांत धरलेलं नाही, कारण ते स्वतःच धरत नाहीत. "मी माणूस नाही, मी माध्यम आहे," हे त्यांनी दारात बूट काढतानाच सांगून टाकलं होतं. बूट चंदेरी होते.

"मेन बंद करा!" माध्यम गरजलं.

माझे मामा धावत गेले आणि त्यांनी मेन स्विच खाली ओढला. खिडक्यांना पुठ्ठे लावलेले होते. कोपऱ्यातला पंखा गरगरत थांबला. छतावरचे चोवीसच्या चोवीस बल्ब मात्र पेटलेलेच राहिले.

"वीज आहे?"

"नाही!" सतरंजीवरून आवाज आला.

"उजेड आहे?"

"आहे!"

"मग हा उजेड कशाचा?"

मामांनी हात जोडून म्हटलं, "आपला, गुरुजी."

"माझा नाही. घराचा! या वास्तूतल्या लहरी प्रसन्न आहेत. आजपासून या घराच्या दिव्यांना वीज लागणार नाही. मीटर उपाशी मरेल."

टाळ्या पडल्या. मीटरबद्दल कोणालाही वाईट वाटलं नाही.

हे घर आमचं; राहायला यायचं अजून बाकी होतं. बाबा पीओपीचे कारागीर. चौतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या घरांची छतं केली आणि यंदा पहिल्यांदा स्वतःचं केलं. भोकं त्यांनीच आखली, त्यांनीच कापली. दिवे निवडायचं काम माझ्याकडे होतं, कारण मी विज्ञानाची पदवीधर; म्हणजे घरात फ्यूज उडाला की हाक मारायची सोय. मी रीतसर तक्ता केला होता. कोणता दिवा किती वॅट खातो, किती ल्युमेन उजेड देतो, एका वॅटमागे किती ल्युमेन पडतात. सात वॅटचे साधे एलईडी दिवे त्यात सरळ पहिले आले होते.

"तुझे ल्युमेन ठेव तुझ्या वहीत," मामा म्हणाले होते. "खाणारा दिवा तो खाणाराच. न खाणारा आणतो मी." मामा बँकेत कॅशियर. पाचशेची नोट उजेडात धरून तीनदा बघतात. तेजगुरूंना मात्र त्यांनी एकदाही उजेडात धरलं नव्हतं.

बल्ब आदल्या संध्याकाळीच लावून झाले होते. "रात्रभर त्यांना घराच्या लहरी पिऊ द्या," असा आदेश होता. "फक्त स्विच चालू ठेवा."

"लहरी घराच्या आहेत, तर स्विच कशाला?" मी विचारलं होतं.

"लहरी लाजाळू असतात. त्यांना वाट दाखवावी लागते."

मी मीटरचा आकडा रात्री लिहून ठेवला आणि सकाळी पुन्हा लिहिला. फरक २.४ युनिटचा होता. तो मी तेजगुरूंना दाखवला. त्यांनी डोळे मिटले. "घराचं जुनं दारिद्र्य बाहेर पडतंय," ते म्हणाले. घर बांधून सात महिने झाले होते.

आता मुख्य चमत्कार सुरू झाला. तेजगुरूंनी एक बल्ब होल्डरमधून काढला. तो विझला. मग त्यांनी सुगंधी पाण्याच्या वाटीत स्वतःचे तळवे बुडवले, मामांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन चांगला चोळला, आणि त्या तळहातावर बल्ब उभा ठेवला, होल्डरमध्ये बसणारी टोपी खाली.

बल्ब पेटला.

"अगं बाई!" आई खुर्चीतून उठलीच.

"ज्याच्या मनात किंतु नाही, त्याच्या हातात तेज उभं राहतं," तेजगुरू म्हणाले. "या, एकेक या. वास्तू आपल्या माणसांची पारख करणार आहे."

रांग लागली. दादाच्या हातात पेटला. वहिनीच्या हातात पेटला. शेजारच्या काकूंच्या हातात असा लख्ख पेटला की त्यांनी तो सोडायलाच नकार दिला. पाच जणांच्या हातात पेटला नाही; त्यांना तेजगुरूंनी "तुम्ही काही या वास्तूत झोपणार नाही" म्हणत पुढे सरकवलं. मी वहीत दोन रकाने पाडले आणि खुणा करत बसले. माझा नंबर आला तेव्हा माझ्याही हातात पेटला. माझ्या मनात किंतुशिवाय दुसरं काहीही नव्हतं.

मग बाबा पुढे गेले. तेजगुरूंनी त्यांचा हात चोळला. बाबांनी तो खांद्यावरच्या फडक्याला पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि मग पुढे केला. बल्ब ठेवला. पेटला नाही.

"पुन्हा," तेजगुरू म्हणाले. पुन्हा चोळलं, पुन्हा बाबांनी पुसलं, पुन्हा काळोख.

हॉलमध्ये एकदम शांतता झाली. शांतता तेजगुरूंच्या धंद्याला मानवते. त्यांनी ती पुरेशी ताणली.

"वास्तू यांना नाकारते आहे," ते शेवटी हळूच म्हणाले. "एक वर्ष यांनी या छताखाली झोपू नये. झोपले तर लहरी उलटतील, एका रात्रीत सगळे दिवे जातील. आणि दिव्यांवरच थांबेल, असं मी म्हणणार नाही."

"अहो, पण हे छत त्यांनीच..." आई म्हणू लागली.

"वर्षाचाच तर प्रश्न आहे, ताई," मामा म्हणाले. "दाजी जुन्या खोलीवर राहतील. डबा पाठवू आपण."

बाबांनी छताकडे एकदा पाहिलं, जसं ते काम संपल्यावर दुसऱ्यांच्या घरात बघतात, आणि भिंतीशी ठेवलेली हत्यारांची पिशवी उचलली. "चालू द्या तुमचं," ते दादाला म्हणाले. "त्या कोपऱ्यात अजून एक हात पुट्टी लागेल. कोणालातरी सांग."

"बाबा, पाच मिनिटं थांबा," मी म्हटलं.

"आल्या शास्त्रज्ञबाई!" मामा म्हणाले.

"मामा, रांगेत तेहतीस जण होते. सत्तावीस जणांच्या हातात पेटला, सहा जणांच्या नाही. सहा कोण, ते वाचून दाखवते. बाबा, त्यांचे कामावरचे दोन जोडीदार, सुतारकाका, फरशी बसवणारे भाऊ, आणि आत्या."

"म्हणजे माझ्या मनात किंतु?" आत्या कडाडली. "तीस वर्षं मी..."

"आत्या, हात चोळून झाल्यावर तू काय केलंस?"

"काय करणार? पुसला. रुमालाला. तो वास! डोकं उठतं माझं."

"आणि सुतारकाका?"

"आम्ही मंडळी लोकांच्या घरात काही धरायच्या आधी हात पुसतोच," सुतारकाका म्हणाले. "नाहीतर वस्तूला डाग लागला की मालकाची बोलणी खावी लागतात."

मी बाबांच्या खांद्यावरचं फडकं घेतलं आणि झटकलं. पांढरी भुकटी उडाली. पीओपीची भुकटी पाणी कशी शोषते, ते त्या खोलीतल्या तीन कारागिरांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. बाबा पिशवी हातात घेऊन तसेच उभे होते, पण आता ते छताकडे नाही, फडक्याकडे बघत होते.

"किंतु मनात नाही, हात कोरडा आहे," मी म्हटलं. "गुरुजी, बल्ब द्या."

"हे तेज अश्रद्धाच्या हाती..."

"मघाशी माझ्याच हातात पेटला होता. द्या."

काकूंनी आपल्या हातातला दिला, जरा नाइलाजानेच. मी स्वयंपाकघरात गेले. आईने कोशिंबिरीसाठी काकडी अर्धी चिरून ठेवली होती. ती आणली आणि कापलेल्या बाजूवर बल्बची टोपी टेकवली.

बल्ब पेटला.

"काकडीच्या मनात किंतु नसतोच," दादा म्हणाला, आणि सतरंजीवरून पहिलं हसू फुटलं.

"काकडी सात्त्विक आहे!" तेजगुरू घाईघाईने म्हणाले.

मग मी फरशी पुसायचं ओलं फडकं घेतलं. पेटला. मोरीत पडलेली भिजकी चप्पल आणली. लख्ख पेटला. चपलेच्या सात्त्विकतेबद्दल माध्यमाने मत दिलं नाही.

"बाबा, हात धुवा. आणि पुसू नका."

"पुसू नको?" त्यांना ते अवघड गेलं. त्यांनी पिशवी खांद्याला अडकवून हात धुतले आणि फडक्याकडे जाणारा हात स्वतःच अडवला. मी त्यांच्या ओल्या तळहातावर बल्ब ठेवला. तो पेटला. मग बाबांनी पिशवी खाली ठेवली, तिच्यातून पुट्टीची पात बाहेर काढली आणि विचारलं, "आत काय आहे याच्या?"

"फोडू नका! कोप होईल!" तेजगुरू एक पाऊल मागे गेले. दाराच्या दिशेने.

बाबांनी काही फोडलं नाही. चौतीस वर्षांचा हात. पात खाचेत सरकवून एकदा फिरवली आणि पांढरं झाकण अलगद निघालं. आत बोटाएवढा एक सेल होता. बल्बच्या अंगावर सोनेरी कागद चिकटवलेला होता, तोही बाबांनी त्याच पातीने खरवडला. खाली छापलेलं होतं : इमर्जन्सी बल्ब. वापरण्यापूर्वी आठ तास चार्ज करावा.

"मोठ्याने वाच," बाबा मामांना म्हणाले. मामांनी वाचलं. कॅशियरच्या आवाजात, अडखळत.

एवढंच होतं सगळं. बल्ब रात्रभर मीटरमधूनच जेवला होता. मेन बंद झाला की तो स्वतःच्या सेलवर पेटतो, आणि वीज गेली आहे हे त्याला कळतं ते टोपीच्या तळाची दोन टोकं कशाने तरी जोडलेली असली म्हणून. होल्डरमध्ये ती घरातल्या तारांनी जोडली जातात, हातावर सुगंधी पाण्याने, काकडीवर काकडीच्या पाण्याने. वस्तू चांगली आहे. वीज गेल्यावर उपयोगी पडते. तिने माणसांची पारख करावी, अशी अपेक्षा ती बनवणाऱ्याचीही नसावी.

तेजगुरूंना कोणी हाकललं नाही. बाबांनी फक्त सांगितलं, "मेन बंदच ठेवू. तुमचे दिवे उद्या सकाळपर्यंत चालले, तर मी स्वतः जुन्या खोलीवर जातो. बसा, जेवून घ्या." तेजगुरूंना अचानक दुसऱ्या एका वास्तूची हाक आली. पहिला बल्ब पावणेचार तासांनी गेला. चार तास दहा मिनिटांनी हॉलमध्ये अंधार होता. चंदेरी बूट त्याआधी बरेच लांब पोहोचले होते.

मामा पुठ्ठे काढत होते. "पण मला ते खरंच वाटलं गं," ते म्हणाले.

वाटणारच. मलाही तो बल्ब हातात पहिल्यांदा पेटला तेव्हा क्षणभर वाटलं होतं. वाटण्यात लाज नाही. पण ज्या वस्तूच्या जोरावर कोणी तुमच्या माणसाला घराबाहेर काढायला सांगतं, ती वस्तू आधी उघडून बघा. चमत्कार उद्या पुन्हा करून दाखवायला सांगा, कोरड्या हातावर करायला सांगा, काकडीवरही करून बघा. मीटरचा आकडा आधी लिहा आणि नंतर लिहा. दिवा घेताना वॅट वाचा, ल्युमेन वाचा, आणि सोनेरी कागद असेल तर तो खरवडा. प्रश्न विचारल्याने चांगल्या दिव्याचा उजेड कमी होत नाही.

पुढच्या शनिवारी बाबांनी तक्त्यातले सात वॅटचे दिवे स्वतः बसवले आणि आम्ही राहायला गेलो. दिवे संध्याकाळी सात ते साडेअकरा चालू होते. दिव्यांचा खर्च ०.७६ युनिट. रात्री छताखाली झोपलेली माणसं : पाच. सकाळी गेलेले दिवे : शून्य.